उजवी नळी

सरजाबाईनं दोन दाढा काढून घेतल्या. दाढा चांगल्या होत्या.

०

मुखेडच्या पंचायत समितीत टँकरच्या टेबलामागं तालुक्याचा नकाशा लावलेला आहे. त्यावर कुणीतरी पेन्सिलनं एक रेघ ओढली आहे. रेघेच्या अलीकडं नवीन जिल्हा.

०

१९९७ च्या उन्हाळ्यात एका लग्नात मुलाकडच्या एका बाईला चहा मिळाला नाही.

०

हृदयाचे ठोके मिनिटाला पासष्टच्या खाली असले तर चित्र नीट येतं.

०

मिरजेहून लातूरला आगगाडीनं पाणी आलं. लोक स्टेशनवर बघायला गेले. चांगुणाबाई गेल्या नाहीत. "पाणी काय बघायचं असतंय," त्या म्हणाल्या.

०

हे सगळं एकाच घरातलं आहे. दाढांपासून सांगितलं तर सोपं जाईल.

सरजाबाई लेकीकडं राहायची, मुखेडला. लेक पंचशीला पंचायत समितीत कारकून, जावई रामकिशन एसटीत कंडक्टर. लातूरला आगगाडीनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात मुखेडलाही टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबायचा. लेक कामावर, जावई गाडीवर, म्हणून घागर सरजाबाईच आणायची. चढ चढताना तिच्या जबड्यात कळ यायची. डाव्या कानाखालून निघून हनुवटीपर्यंत. घागर खाली ठेवली की कळ थांबायची.

तिनं ठरवलं, दाढ आहे.

दाताच्या डॉक्टरनं एक काढली. कळ तशीच. तिनं दुसरी काढायला लावली. तिसरीला डॉक्टर नको म्हणाला. "ऱ्हाऊ द्या मावशी, जेवायला लागंल."

मग पंचशीलानं तिला मोठ्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी तोंडात बघितलंच नाही.

"भांडं खाली ठेवलं की थांबतंय?"

"हाव."

"मग ती दाढ नाही. भांडं खाली ठेवलेलं दाढेला काय कळतंय?"

छातीला तारा लावून पट्टी काढली. पट्टी चांगली आली. डॉक्टर म्हणाले, बसल्या जागी चांगलीच येते, चालल्यावर काय होतं ते बघायला हवं. फिरत्या पट्ट्यावर चालवून बघता आलं असतं.

"माझे गुडघे बघा की सायेब," सरजाबाई म्हणाली. "मी चढले तर पट्टा बंद पडंल."

म्हणून सीटी. हातातल्या शिरेतून औषध सोडायचं आणि मशीननं हृदयाच्या नळ्यांचं चित्र काढायचं. या वयात नळ्यांत काही साचलेलं असेल तर त्यात दिसतं. चिरफाड नाही. एकच अट. हृदय संथ हवं. ते जोरात उडत असलं तर चित्र हलतं, आणि हललेल्या चित्रात बंद नळी उघडी दिसते, उघडी बंद. आदल्या संध्याकाळपासून चहा नाही, कॉफी नाही, तंबाखू नाही, मिश्री नाही.

"मिश्री तिनं कवाच सोडली," पंचशीला म्हणाली. "अन् चहा ती पीतच नाही."

खरंच पीत नसे. चहानं तिला पित्त व्हायचं. घरात सगळे प्यायचे, ती गरम पाणी प्यायची.

०

लातूरला जायचं ठरलं, कारण नांदेडला तारीख लांबची मिळत होती आणि लातूरला मुक्कामाला घर होतं. चांगुणाबाईंचं. चांगुणाबाई म्हणजे रामकिशनची आई, पंचशीलाची सासू, सरजाबाईची विहीण.

"छातीचं बोलू नको तिथं," सरजाबाई म्हणाली. "मणक्याचं सांग."

"का पण?"

"तुझी सासू म्हणंल, आधी लेकीच्या घरात घुसली, आता दुखणं घेऊन बसली. माझा लेक हिची वझी उचलायला ठिवलाय का?"

"म्हणू दे की."

"तू ऐकून घेतीस. मला न्हाई ऐकून घ्यायचं."

रजेला शेषेरावांची सही लागायची. शेषेराव म्हणजे पंचशीलाचे वरिष्ठ. पेन्सिलची रेघ त्यांचीच, असं ऑफिसात सगळे धरून चालत.

"दोनच दिवस बरं का ताई. टँकरच्या खेपांचा आढावा आहे. अन् नव्या जिल्ह्यासाठी गावनिहाय माहिती मागवलीय."

"होतोय का हो खरंच?"

"होतोय म्हणतेत. ब्याऐंशीला लातूर व्हायच्या आधीबी असंच म्हणत व्हते. झाला का न्हाई?"

"मग आपण नांदेडात का तिकडं?"

"रेघ बघा की," शेषेराव म्हणाले.

०

शिरूर ताजबंद. चाकूर. दोन्हीकडं काळी रानं, नांगरून तशीच पडलेली. एसटीत सरजाबाई खिडकीशी बसली होती. तिनं विचारलं, "नव्या जिल्ह्यात मोठा दवाखाना असंल का गं?"

"असंल."

"मग थांबायचं का तवर?"

पंचशीला हसली नाही. सरजाबाईही हसली नाही. ती गंमत होती का, हे दोघींपैकी कुणाला सांगता आलं नसतं.

०

"जय भीम. या. कुठं वाकलाय मणका?" चांगुणाबाई दारातच म्हणाल्या.

"मधी," सरजाबाई म्हणाली.

"माझाबी वाकलाय. मी न्हाई फोटू काढत फिरत."

"तुमचा वाकलेला शोभतोय, विहीणबाई."

चांगुणाबाई एकट्या राहायच्या. दोन खोल्या, पुढं पत्र्याचा आडोसा. आडोशाखाली बादल्या, डबे, पिंप, तेलाचे रिकामे कॅन, सगळे तोंड झाकून ठेवलेले. पिण्याचं पाणी वेगळं, स्टीलच्या टाकीत. त्या टाकीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखालचं भरतकामाचं कापड घातलेलं होतं.

बसल्या बसल्या त्यांनी पातेलं चढवलं.

आता लग्नाचं सांगायला हवं. लग्नात चांगुणाबाईंना चहा मिळाला नव्हता. नवऱ्या मुलाच्या आईला. तेव्हापासून सरजाबाई समोर आली की त्या चहा टाकायच्या, कप पुढं करायच्या आणि एकच वाक्य म्हणायच्या. आणि सरजाबाईला पित्त, म्हणून कप परत जायचा. दरवर्षी. बारशाला, जयंतीला, चांगुणाबाईंचे मालक वारले तेव्हासुद्धा.

"घ्या," चांगुणाबाई म्हणाल्या. "आमच्याकडं मिळतो."

"नको. पित्त होतंय."

"एकोणीस वर्षं झाली, पित्त काय बरं व्हईना."

कप परत गेला. त्यातला चहा चांगुणाबाईंनी ओतला नाही, स्वतः प्यायल्या. पंचशीलाला सुटल्यासारखं झालं. तिनं आपला कपही अर्धाच घेतला.

०

उजाडायच्या आधी टँकर आला म्हणून गल्लीत ओरडा झाला. पंचशीला चार घागरी घेऊन खाली गेली. सुनेनं रांगेत उभं राहायचं, यात विचारण्यासारखं काही नव्हतं. तिच्या टेबलावरून रोज कितीतरी टँकर सुटायचे. रांगेत ती पहिल्यांदाच उभी होती. पुढची बाई मागं वळून म्हणाली, "कुठल्या तुमी?" मुखेडची म्हटल्यावर ती म्हणाली, "तिकडं हाय म्हणं पाणी." पंचशीला हाव म्हणाली.

घरात दोघी विहिणी होत्या.

तो तुकडा इथं नाही. पंचशीला तिथं नव्हती.

०

सीटीच्या खोलीबाहेर बाकावर बसवलं. तिथला माणूस व्यंकटराव, मशीन चालवणारा. त्यानं बोटाला चिमटा लावला.

अठ्ठ्याऐंशी.

"चहा-कॉफी झाली का सकाळी?"

"ती चहा पीतच नाही," पंचशीला म्हणाली.

सरजाबाई भिंतीकडं बघत होती. भिंतीवर हृदयाचं रंगीत चित्र होतं, वरून नळ्या.

"मग भीतीनं असंल. मावशी, भ्यायचं न्हाई."

"मी कशाला भ्याले."

ठोके कमी करायची गोळी दिली. बसा म्हणाले. तासाभरानं ब्याऐंशी. आणखी एक गोळी. पंख्याचा आवाज येत होता. एक म्हातारे गृहस्थ आत जाऊन बाहेर आले. त्यांचे छप्पन होते. व्यंकटराव त्यांच्या मुलाला म्हणाला, "एक नंबर हृदय आहे बाबांचं, घड्याळ लावून घ्या." मुलगा हसला. परत चिमटा. शहात्तर. मग बराच वेळ शहात्तरच.

व्यंकटराव आत जाऊन डॉक्टरांना विचारून आला. "हे अजून जास्त आहे. उद्या येता का? आज घरी गोळी घ्या, निवांत झोपा, सकाळी परत बघू."

उद्या म्हणजे चांगुणाबाईंच्या घरी आणखी एक मुक्काम. उद्या म्हणजे शेषेराव. पंचशीलानं आईकडं बघितलं.

"आजच," सरजाबाई म्हणाली. "उद्यापातूर मणका बरा व्हायचा."

"मणका?" व्यंकटराव म्हणाला.

"काही नाही," पंचशीला म्हणाली. "आजच करा."

०

पंचशीलाला काचेपलीकडं थांबू दिलं. आई आडवी. दोन्ही हात डोक्यावर, लहान मूल झोपतं तसे. मशीन म्हणजे उभी ठेवलेली मोठी कडी, आई त्यातून सरकत आत.

मशीनमधली बाई हिंदीत बोलायची.

*साँस लीजिए।*

पडद्यावर आकडा. एकोणऐंशी. हलका, हिरवा.

*रोकिए।*

रोखलेल्या श्वासात काय मावतं. कडी फिरली. पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी मुठीसारखं उघडलं, मिटलं. ब्याऐंशी. पंचशीलानंही श्वास धरला होता, तिला ते नंतर कळलं. सरजाबाईचे पायाचे अंगठे ताठ झाले होते, आणि त्यांच्यावर चांगुणाबाईंनी सकाळी दिलेली चादरीची घडी नव्हती, दवाखान्याची हिरवी होती, आणि पंचशीलाच्या डोक्यात फक्त एवढंच आलं की घागरी आत ठेवल्या का बाहेरच राहिल्या आणि

*छोड़िए।*

झालं.

बाहेर आल्यावर सरजाबाई म्हणाली, "आंग आतून गरम झालं गं. लातुरात आंघुळीला पानी न्हाई म्हणतेत. मला ह्यांनी आतून आंघुळ घातली."

व्यंकटराव मोठ्यानं हसला. पंचशीलाला हसायला थोडा उशीर झाला.

०

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पडदा दोघींकडं वळवला.

"ही डावी. ही तिची फांदी. इथं पांढरं दिसतंय का, हे थोडं कॅल्शियम आहे. चुन्यासारखं साचतं वयानं."

"मी पान खात न्हाई," सरजाबाई म्हणाली.

"खायचा चुना नाही हो आजी. रक्तातला. पण डावीकडं अडथळा नाही. चांगलं आहे. आता ही उजवी."

उजवी नळी वरून नीट खाली यायची आणि मध्ये दोन होऊन पुढं परत एक व्हायची. कुणीतरी पुसून परत काढल्यासारखी.

"इथं चित्र हललंय. ठोके जास्त होते ना. या मधल्या भागाचं मला काही सांगता येत नाही."

"मंग तितं हाय का न्हाई?" सरजाबाई म्हणाली.

"दिसत नाही."

"दिसत न्हाई म्हंजी न्हाई?"

"म्हणजे मला माहीत नाही." डॉक्टर पंचशीलाकडं वळले. "पंधरा दिवसांच्या आत परत या. तीन दिवस आधीपासून गोळी सुरू करा. तेव्हाही नीट आलं नाही तर हातातून बारीक नळी हृदयापर्यंत घालून बघावं लागेल. टाळू नका. घागर उचलल्यावर दुखतंय म्हणजे कारण कुठंतरी आहे, आणि डावीकडं ते सापडलेलं नाही." रक्त पातळ करायची गोळी लिहून दिली. "आणि आज पाणी भरपूर प्या. औषध धुऊन निघायला पाहिजे."

स्टँडवर पंचशीलानं पाण्याच्या बाटल्या घेतल्या. सरजाबाईनं एक तिथंच संपवली, दुसरी अर्धी. तिसरी तिनं उघडली नाही.

"ही इहिणीला देऊन ये."

"आपण निघालोय आता. गाडी लागलीय."

"मग ऱ्हाऊ दे," सरजाबाई म्हणाली. बाटली मुखेडपर्यंत मांडीवर होती.

०

पंधरा दिवसांच्या आत टँकरचा आढावा झाला. मग परत झाला. रजा सगळ्यांच्याच बंद होत्या. गावनिहाय माहिती तीन प्रतींत गेली, परत आली, कारण गावांची नावं नव्या जिल्ह्याप्रमाणं लावायची होती आणि नव्या जिल्ह्यात कुठली गावं हे कुणाला माहीत नव्हतं. पंचशीलानं तारीख पुढची घेतली. फोनवर व्यंकटरावच होता. "मावशींना सांगा, ह्या वेळी पासष्टच्या खाली," तो म्हणाला.

घागर आता रामकिशन ड्यूटीवरून आला की आणायचा. सरजाबाई उंबऱ्यात बसायची. जबडा दुखतो का विचारलं की म्हणायची, "उचलतच न्हाई काही, तर कशानं दुखंल?" पंचशीलाला हे उत्तर पुरेसं वाटायचं. खरं तर तिला काहीच वाटत नव्हतं. संध्याकाळी घरी आल्यावर तिच्या कानात फक्त गावांची नावं असायची.

दुसरी तारीख सोमवारची होती. तीन दिवस आधी, म्हणजे शुक्रवारी, पंचशीलानं आईला ठोक्यांची पहिली गोळी दिली. शनिवारी दुपारी सरजाबाई ज्वारी निवडत होती. शेजारची सिंधु मीठ मागायला आली. तिला वाटलं, मावशी बसल्या बसल्या झोपल्यात. सुपातली ज्वारी सांडली नव्हती.

०

जलदान विधीला पाणी लागतं. भंतेजी तांब्यातून वाटीत संथ धार सोडतात, वाटी भरते, भरून वाहते, खालच्या ताटात पडते, आणि ती वाहत असताना सगळे हात जोडून गाथा म्हणत राहतात. गेलेल्याला पुण्य पोचावं म्हणून. त्या उन्हाळ्यात मुखेडला कुणी पाणी वाहू देत नव्हतं. गल्लीतल्या बायकांनी तांब्या-तांब्या आणून दिलं. वाटी भरली. वाहिली. ताटातलं पाणी रामकिशननं लिंबाच्या बुडात ओतलं.

चांगुणाबाई लातूरहून आल्या होत्या, पांढरं पातळ नेसून. आल्यापासून सगळ्यांना चहा त्याच करत होत्या. पाहुणे पांगल्यावर चुलीपाशी पंचशीलाजवळ बसल्या.

"तुला सांगू का पंचशीला. त्या दिवशी माझ्या हातचा चहा घेतला तुझ्या मायनं."

पंचशीलाच्या हातात ताट होतं.

"कवा, आत्याबाई?"

"तू रांगेत गेली व्हतीस तवा. मी आपली टाकला, सवयीनं. म्हटलं, घ्या, आमच्याकडं मिळतो. वाटलं, म्हणंल पित्त." त्यांनी पदर तोंडाला लावला, काढला. "तर दारातून खाली बघितलं तिनं. तू दिसत व्हतीस, घागरी घेऊन. मग म्हणाली, द्या. आज काय द्यायचं ते देऊन टाका. एक कप पेली. म्हटलं अजून? म्हणाली, आणा. दोन कप पेली बघ. एकुणीस वर्षांत पैल्यांदा."

चुलीतलं लाकूड खाली सरकलं. चांगुणाबाईंनी ते आत ढकललं.

"राग गेला तिचा. माझाबी गेला. बरं झालं का न्हाई?"

पंचशीलानं ताट खाली ठेवलं. डॉक्टरांचं आईला सगळं पाठ होतं. चहा नाही, कॉफी नाही, तंबाखू नाही, मिश्री नाही. एसटीत तिनं ते दोनदा म्हणून दाखवलं होतं. अठ्ठ्याऐंशी चहानं झाले असतील. भीतीनं झाले असतील. व्यंकटराव तसंच म्हणाला होता. चित्र हललं नसतं तर मधल्या भागात काय दिसलं असतं, हे आता पासष्टच्या खाली येऊनही कळणार नव्हतं.

चांगुणाबाई अजून तिच्याकडं बघत होत्या. मणक्याचंच दुखणं होतं, असं त्या आजही धरून चालल्या होत्या. झोपेत गेली, एवढंच त्यांना सांगितलेलं होतं.

"बरं झालं, आत्याबाई," पंचशीला म्हणाली.

"तू घे की थोडा. सकाळपास्नं काही न्हाई पोटात."

कप पुढं आला. पंचशीलानं घेतला. गोड होता. ती सगळा प्यायली आणि कप पालथा घातला.

विधीनंतरच्या सोमवारी ती कामावर गेली. नकाशावरची रेघ शेषेरावांनी खोडरबरानं पुसली होती, पण पुसल्याची खूण राहिली होती. नवीन जिल्हा सध्या नाही, असं ते म्हणाले.

०

लग्नाच्या दिवशी, १९९७ साली, सरजाबाईनं विहिणीसाठी एक कप चहा बशीनं झाकून मांडवाच्या मागं ठेवला होता. तो भांडी घासणाऱ्या बाईनं ओतून दिला.